कामाला हवेत, राहायला नकोत

संगमनेरचा एक चर्मकार १९६९ साली मुंबईला आला. गावात दिवसाला सात-आठ रुपये सुटत होते, त्यात राहतं घर पडलं. मुंबईत त्याला बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांचं काम मिळालं. आता डोक्यावर छप्पर हवं. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या दादाला ३०० रुपये मोजले आणि बांबू-प्लास्टिकवर आणखी ७०० रुपये घातले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार फुटपाथच्या तुकड्यावर गेला.

तमिळनाडूतल्या सालेमहून आलेल्या दुसऱ्या एकाची कहाणी त्याच्या आधीची. हा भूमिहीन शेतमजूर दुष्काळात हाताला काम उरलं नाही म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला. दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत त्याला रोज २३ रुपये मिळत. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा देण्यासाठी झोपडदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. ही शंभराहून अधिक दिवसांची मजुरी होती. त्या आडोशात तो, त्याची बायको आणि तीन मुली राहत.

हे सारे तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहेत. फुटपाथवरची माणसं फुकटात राहतात, हा समज किती पोकळ आहे ते दाखवायला एवढे दोन हिशेब पुरेत.

ही दोन माणसं न्यायालयापर्यंत पोचली त्याला कारण झाली १३ जुलै १९८१ ची एक घोषणा. फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून आपापल्या मूळ गावी किंवा शहराबाहेर धाडण्यात येईल, असं तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं. या झोपड्या तकलादू आहेत, पावसाळ्यात तिथे माणसाला राहणं शक्य नाही, हे जिणं अमानुष आहे, असं कारण पुढे करण्यात आलं. पावसाळ्यात त्यांचे हाल होतात, म्हणून ऐन पावसाळ्यात त्यांचे आडोसे मोडायचे, असा हा न्याय होता.

२३ जुलैला महापालिकेने सालेमच्या त्या मजुराची झोपडी पाडली आणि कुटुंबाला सालेमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको आणि मुली गावी राहिल्या. तो मात्र काम शोधत मुंबईला परत आला आणि पुन्हा एका फुटपाथवर राहू लागला. संगमनेरच्या कामगाराची झोपडी तर त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये, पाडली गेली होती. त्याने ती पुन्हा उभी केली होती. पाडकामाने बेघरपणा संपत नाही, तो फक्त जागा बदलतो, हे सरकारच्या कारवाईनेच सिद्ध केलं.

पत्रकार ओल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि खुद्द फुटपाथवासी यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. तो आजही देशभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास घेण्याचा हक्क नाही. ज्या साधनावर माणूस जगतो ते उपजीविकेचं साधनही त्यात आलं, असं न्यायालयाने म्हटलं. गरीब माणूस कामाच्या जवळचा फुटपाथ निवडतो, कारण जाण्यायेण्याचं भाडं आणि वेळ त्याला परवडत नाही. त्याला तिथून उठवलं की त्याचं कामही जातं. जागा आणि रोजी यांचा असा थेट संबंध न्यायालयाने मान्य केला.

मात्र त्याच निकालाने फुटपाथवासीयांना फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. महापालिका कायद्याच्या कलम ३१४ नुसार अतिक्रमण हटवण्याचा आयुक्तांचा अधिकार वैध ठरला. नोटीस देणं हा नियम असावा, अपवाद नव्हे, एवढी मर्यादा न्यायालयाने घातली. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांना दिलासा मिळाला तो फक्त पावसाळ्यापुरता: ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कारवाई करू नये. तत्त्व जिंकलं, झोपड्या हरल्या. तेव्हापासून आजवर बेघरांच्या बाबतीत या देशात साधारण हेच होत आलं आहे.

बेघर नेमके किती, हे ठरवण्याचं काम जनगणनेचं. इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात, मांडवात किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्या कुटुंबाला जनगणना बेघर मानते. या लोकांची मोजणी एका रात्रीत उरकली जाते. गेल्या वेळी ती रात्र होती २८ फेब्रुवारी २०११. त्या एका रात्री प्रगणकांनी हातात फॉर्म घेऊन फलाट, पूल आणि बाजार पालथे घातले आणि देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं नोंदली.

२००१ मध्ये हा आकडा १९ लाख ४३ हजार होता. वरवर पाहता घट झाली. आकडा फोडून पाहिला की चित्र उलटं दिसतं. खेड्यांतले बेघर कमी झाले. शहरांतले मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. दहा वर्षांत वीस टक्क्यांची वाढ. राज्यांमध्ये उत्तर प्रदेश पहिला आणि २ लाख ११ हजार बेघरांसह महाराष्ट्र दुसरा. बृहन्मुंबईत ५७ हजारांहून अधिक माणसं त्या रात्री उघड्यावर मोजली गेली.

प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा असणार, असं या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था सांगतात, आणि त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. रात्री हमाली करणारा माणूस त्या वेळी फुटपाथवर नसतोच. एकटी बाई सहज दिसेल अशा जागी झोपत नाही. पोलीस आले की काय, या भीतीने कित्येक जण कागद-पेन घेतलेला माणूस पाहताच बोचकं उचलून निघून जातात. पुलाखाली ताडपत्रीच्या चार भिंती केल्या असतील तर ती झोपडी धरायची की बेघर कुटुंब, हे बऱ्याचदा प्रगणकाच्या डोळ्यांवर सोडलेलं असतं.

त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा या आकड्याशेजारी ठेवायला हवा. २०११ मध्ये मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा हा आकडा मोठा होता आणि केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही त्याची दखल घेतली. मोजलेल्या प्रत्येक बेघर माणसामागे आठ रिकामी घरं. या शहरात विटा-सिमेंटची टंचाई नाही. घर हे गुंतवणुकीचं साधन झालं, भाड्याने द्यायला मालक धजावत नाहीत आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला परवडेल अशी भाड्याची खोली कामाच्या ठिकाणापासून दूर-दूर सरकत जाते. मग जो सगळ्यात कमी कमावतो त्याने भाडं भरून जाण्यायेण्यात पाच तास घालवायचे, की भाडं वाचवून कामाशेजारी झोपायचं, एवढाच प्रश्न उरतो.

फुटपाथवरचा माणूस काय काम करतो? पहाटे नाक्यावर उभा राहणारा बिगारी, मंडईतला हमाल, लग्नाच्या हंगामात केटररकडे भांडी घासणारी बाई, कचऱ्यातून प्लास्टिक-पुठ्ठा वेगळा काढणारं कुटुंब, सिग्नलवर गजरे आणि लिंबू-मिरची विकणारी मुलं. शहराच्या बांधकामाशी तर त्यांचं नातं फार जुनं. ओल्गा टेलिस खटल्यात ज्या कामराज नगरचा उल्लेख येतो, ती विलेपार्ल्याची वस्ती १९६०-६१ च्या सुमारास वसली. महामार्गालगत पाण्याचे नळ टाकणाऱ्या बांधकाम कंपनीच्या मजुरांनी ती बांधली होती. शहराला पाणी पुरवणारे हात, आणि त्यांच्याच पाचशे झोपड्या पुढे अतिक्रमण ठरल्या.

बांधकामाच्या ठिकाणी मजुरांच्या राहण्याची सोय करणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा तसं स्पष्ट सांगत होता. तरी डिसेंबर २०२४ मध्ये एका मध्यरात्री पुण्याजवळ वाघोलीला केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघं जागीच गेली, त्यांत दोन अगदी लहान मुलं होती. ही कुटुंबं बांधकामाच्या कामासाठी अमरावतीहून आलेली होती. बातमीत चालक दारू प्यायला होता हे ठळकपणे आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण विदर्भातून कामाला आलेली कुटुंबं पोराबाळांसह रस्त्याच्या कडेला का झोपली होती, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला.

बेघरांमध्ये कोण आहे, याचं उत्तर जातीच्या नकाशाशी जुळतं. महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण पारधी समाजाचं. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे या कायद्याखाली अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी, परवानगी, तारांच्या कुंपणातल्या वसाहती असं जिणं त्यांच्या वाट्याला आलं. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. शिक्का कागदावरून पुसला गेला, पण गावाच्या आणि पोलिसांच्या डोक्यातून नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर. शिकारीवर बंदी आली, जमीन कधी मिळालीच नव्हती, गाव वस्ती करू देत नाही. अशा माणसाने मुंबईच्या उड्डाणपुलाखाली पाल ठोकलं, तर तो गाव सोडून आला असं म्हणता येत नाही. गावाने त्याला आधीच सोडलेलं असतं.

शहरात आल्यावर त्याची गाठ दुसऱ्या कायद्याशी पडते. मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम, १९५९. या कायद्यातली भिकाऱ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. हात पसरणारा तर भिकारी आहेच. शिवाय उदरनिर्वाहाचं दिसणारं साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत वावरणारा किंवा थांबणारा, की तो भिकेवरच जगत असावा असं वाटेल, तोही भिकारी. आता रात्री हमाली करून दुपारी फुटपाथवर झोपलेल्या माणसाचं उदरनिर्वाहाचं साधन कोणाला आणि कसं दिसावं? या व्याख्येत भिकारी आणि बेघर यांच्यातली रेषाच पुसली जाते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. मुंबईत पकडलेल्यांची रवानगी चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात होते.

हा तेव्हाच्या मुंबई राज्यात जन्मलेला कायदा दिल्लीसह इतर ठिकाणीही लागू झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हर्ष मंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना दिल्लीपुरता त्यातला भीक मागण्याला गुन्हा ठरवणारा भाग घटनाबाह्य ठरवला. सरकार सर्वांना अन्न आणि निवारा देऊ शकत नसेल, तर पोटासाठी हात पसरणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा त्याला अधिकार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. जुलै २०२१ मध्ये करोनाच्या काळात रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांनी तिला नकार दिला: हा गरिबीचा प्रश्न आहे, त्याकडे उच्चभ्रू नजरेने पाहता येणार नाही. महाराष्ट्रातली वागणूक मात्र फारशी बदलली नाही. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने परदेशी पाहुणे येणार म्हणून नागपुरात चौकाचौकांत भीक मागण्यावर पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली बंदी घातली.

पोलिसांखालोखाल धास्ती असते ती महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी गाडीची. गाडी आली की पाच मिनिटांत काय वाचवायचं ते ठरवावं लागतं. ताडपत्री, स्टोव्ह, पातेली, पोरांची दप्तरं, पाण्याचे कॅन असं सगळं एका बोचक्यात बांधेपर्यंत अर्धं सामान गाडीत गेलेलं असतं. ताडपत्री पुन्हा विकत घेता येते. गेलेल्या सामानात रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला असेल तर मात्र पुढची कित्येक वर्षं हातची गेली म्हणायची. मूळ कागद नाही म्हणून दुसरा कागद मिळत नाही, आणि पत्ता नाही म्हणून पहिलाही मिळत नाही.

या बाबतीत निवडणूक आयोगाची पद्धत इतर सगळ्या खात्यांहून शहाणी निघाली. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज भरला तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने अर्जात लिहिलेल्या जागी रात्री जायचं, तो माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते पाहायचं. एका रात्रीवर न थांबता पुन्हा जाऊन खात्री करायची. झोपायची जागा हाच पत्ता. नियम इतका सोपा आहे. रेशनकार्डासाठी, बँकेच्या खात्यासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी हीच युक्ती का चालू नये, याचं समाधानकारक उत्तर कोणत्याही खात्याकडे नाही.

घरांच्या सरकारी योजना तर बेघरांना वळसा घालूनच जातात. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात चार वाटा होत्या. पहिली झोपडपट्टीच्या जागेवरच पुनर्विकास, म्हणजे आधी झोपडी हवी. दुसरी व्याजात सवलत, म्हणजे बँकेने कर्ज द्यायला हवं. तिसरी भागीदारीतली परवडणारी घरं, त्यात लाभार्थ्याला आपला हिस्सा भरावा लागतो. चौथी स्वतःच्या जागेवर बांधकामासाठी अनुदान, म्हणजे जागा हवी. फुटपाथवर झोपणाऱ्याकडे या चारांपैकी काहीच नाही. मुंबईची झोपडपट्टी पुनर्वसन योजनाही पात्रतेसाठी ठरावीक तारखेपूर्वीची झोपडी आणि तिचा पुरावा मागते. प्लास्टिकचा आडोसा उभा करून तो टिकवणाऱ्याला निदान दार ठोठावता येतं. उघड्यावर चादर अंथरणाऱ्यासाठी दारच नाही.

त्यांच्यासाठी धोरणात एकच गोष्ट आहे: रात्रनिवारा. तीही न्यायालयाच्या रेट्याने आली. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक निवारा पाडल्याच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय हाती घेतला. त्यातून निकष ठरला. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हवा आणि तो चोवीस तास, बारा महिने उघडा हवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली शहरी बेघरांसाठी निवारा योजना आली. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी सुमारे ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, आणि निवारा असायचा तो बेघरांच्या कामाच्या आसपास, म्हणजे स्टेशन, एसटी स्टँड, मंडई अशा ठिकाणांजवळ. कागदावर या नियमांत नाव ठेवायला जागा नाही.

मुंबईची लोकसंख्या २०११ मध्ये १ कोटी २४ लाख होती. निकषाप्रमाणे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर या आकड्याच्या जवळपासही गेलेलं नाही. पैसे नाहीत म्हणून हे घडलं असंही नाही. राज्यांना मिळालेला निधी पडून राहतो आणि निवारे मात्र दिसत नाहीत, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश कैलाश गंभीर यांची समिती नेमली. अडचण येते ती जागेची. महापालिकेकडे जागा असते, पण निवारा आपल्या इमारतीशेजारी नको, असं म्हणणारे नागरिक आणि त्यांची री ओढणारे नगरसेवकही असतात. शिवाय निवारा कुटुंबासाठी नसेल, बायका-मुलं एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे असं विभागून राहावं लागत असेल, तर लोक तिथे जायला तयार होत नाहीत. मग निवारे रिकामे आहेत, यांनाच फुटपाथ आवडतो, असा निष्कर्ष निघतो.

महाराष्ट्राला निवाऱ्याची कल्पना न्यायालयाकडून उसनी घेण्याची खरं तर गरज नव्हती. गाडगे महाराजांनी देवळं बांधली नाहीत; पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. तरीही टाटा आणि केईएमच्या परिसरात फुटपाथवर अंथरूण घातलेली कुटुंबं वर्षभर दिसतात. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाऊन येणं परवडत नाही आणि मुंबईत खोली घेणं त्याहून परवडत नाही. काल गावात घर-शेती असलेला माणूस आज मुंबईत बेघर असतो. आजार लांबला तर गावची शेतीही जाते. बेघरांची एक मोठी संख्या अशी रुग्णालयाच्या दारात तयार होते आणि तिची नोंद कुठेही होत नाही.

मनोरुग्णांची गोष्ट याहून वेगळी. घरातून भरकटलेला, भाषा न कळणाऱ्या प्रदेशात पोचलेला माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर राहतो आणि लोक त्याला वेडा म्हणून वळसा घालतात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये अशा माणसांना रस्त्यावरून उचलून उपचार करायला सुरुवात केली. त्यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनच्या कर्जतच्या केंद्रातून बरे झालेले हजारो रुग्ण देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या आपापल्या घरी परतले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार हे काम पोलिसांचंही आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा. किती पोलीस ठाण्यांत हे कलम ठाऊक आहे, ते विचारून पाहण्यासारखं आहे.

आणि खुद्द बेघरांनी काय केलं? १९८५ मध्ये स्पार्क या शीला पटेल यांच्या संस्थेने भायखळा आणि परिसरातल्या फुटपाथवासीयांची पाहणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, २७ हजार माणसं. सरकारी गणनेत नसलेल्या लोकांची ही पहिली मोठी शिरगणती. पाठोपाठ भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली. रोज एक-दोन रुपये गोळा करायचे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही हिशेब तोंडपाठ ठेवायचा, अडीअडचणीला त्यातूनच कर्ज द्यायचं. जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन त्यांच्या जोडीला होतं. या बायकांनी आपल्याला हवं तसं घर स्वतः आखलं. जमीन महाग म्हणून चौदा फूट उंचीचं घर, त्यात पोटमाळा, म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायला दुप्पट सोय. वास्तुरचनाकारांना त्यांनी ते नमुने प्रदर्शन भरवून दाखवले. पुढे त्यातल्या अनेक कुटुंबांना मानखुर्दला मिलन नगरमध्ये घरं मिळाली.

त्याला दोन दशकं लागली, आणि मानखुर्द भायखळ्यापासून लांब आहे. घर मिळालं तेव्हा अनेकींची जवळची कामं सुटली, लोकलचं भाडं वाढलं. १९८५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलेली जागा आणि रोजी यांची सांगड पुनर्वसनातही पुन्हा तुटली. तरीही फुटपाथवरची माणसं संधी मिळाली की बचत करतात, आराखडे काढतात, सोसायटी चालवतात, हे या प्रयोगाने दाखवून दिलं. दानाच्या पंगतीत बसण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, असं मानणाऱ्या धोरणकर्त्यांनी तो पाहायला हवा होता.

न्यायालयांचंही या बाबतीत एकमत नाही. जुलै २०२१ मध्ये मुंबईतल्या बेघरांना तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा आणि स्वच्छतागृह द्यावं अशी मागणी घेऊन एक याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. बेघरांनीही देशासाठी काम करायला हवं, सगळंच सरकारने पुरवायचं नसतं, असं खंडपीठाने सुनावलं. सार्वजनिक शौचालयं त्यांना मोफत करता येतील का, याचा सरकारने विचार करावा, एवढं मात्र सांगितलं. दीड-पावणेदोन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, फोर्ट भागातले फुटपाथ मोकळे करा असं म्हणत वकिलांची एक संघटना त्याच न्यायालयात गेली. न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांनी तसा आदेश द्यायला नकार दिला. गरीब असले तरी तीही माणसं आहेत आणि शहराने गरिबांना हाकलून द्यावं असं कुणाला म्हणायचं आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या खंडपीठाला काम न करणारी माणसं दिसली. पण फुटपाथवर झोपणारे बहुसंख्य लोक काम करतात, आणि त्याच कामाच्या ओढीने तिथे झोपतात, हे संगमनेर आणि सालेमच्या त्या दोघांनी चाळीस वर्षांपूर्वीच न्यायालयाला सांगितलं होतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे सोळा वर्षांनी बेघरांची पुन्हा एकदा एका रात्रीत मोजदाद होणार. आकडा किती येतो यावर निधी, निवारे आणि योजना ठरतील, म्हणून ती रात्र महत्त्वाची. पण तोवर थांबायचं कारण नाही. मुंबईतल्या प्रत्येक प्रशासकीय वॉर्डाची लोकसंख्या एक लाखाहून जास्त आहे, म्हणजे प्रत्येक वॉर्डात किमान एक निवारा असायलाच हवा. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, छत्रपती संभाजीनगर या शहरांनाही तोच हिशेब लागू होतो. आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे, त्यात किती खाटा आहेत, तिथे कुटुंबाला एकत्र राहता येतं का आणि गेल्या वर्षी त्यावर किती निधी खर्च झाला, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचं तिकीट लावून कोणालाही विचारता येतात. वाचकांनी ते आपापल्या महापालिकेला विचारावेत.